आयडलिंगचे प्रॉब्लेम: बाईक, डर्ट बाईक आणि एटीव्हीच्या छोट्या इंजिनसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी सिग्नलला उभी राहिली की बंद पडते, किंवा एक्सलेटर सोडला तरी रेस खालीच येत नाही, किंवा आयडलला (म्हणजे एक्सलेटर न पिळता चालू ठेवली की) नुसती वरखाली वरखाली करत राहते. असं झालं की बहुतेकांचा हात सगळ्यात आधी आयडल स्क्रूवर जातो. माझं या सगळ्या प्रश्नांवर एकच मुख्य म्हणणं आहे, की आयडल स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवायचा. आयडल बिघडणं हे लक्षण आहे, दुखणं दुसरीकडेच असतं, आणि स्क्रू पिळून लक्षण दाबलं की खरं दुखणं शोधणं अजून अवघड होऊन बसतं.

आयडल आरपीएम किती असायला पाहिजे?

तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, बऱ्याच गाड्यांवर स्टिकरवर पण असतो, तोच धरा. अंदाज म्हणून सांगायचं तर छोट्या फोर-स्ट्रोक बाईकला साधारण १३०० ते १५००, एटीव्हीला (जाड टायरची चारचाकी, क्वाड पण म्हणतात) १२०० ते १६०० आणि रेसिंगच्या फोर-स्ट्रोक डर्ट बाईकला १७०० ते २००० च्या आसपास. म्हणजे एका गाडीला जो आकडा बरोबर तो दुसऱ्या गाडीला चूक असू शकतो.

गाडीला टॅकोमीटर नसेल तर प्लगच्या वायरला गुंडाळायचा छोटा इंडक्टिव्ह टॅकोमीटर मिळतो तो घ्या, कानावर विसंबू नका. एक गोष्ट मात्र नक्की बघा, बऱ्याच सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोक इंजिनमध्ये स्पार्क प्रत्येक फेऱ्याला पडतो, दोन फेऱ्यांना एकदा नाही, त्यामुळे मीटरचं सेटिंग चुकलं तर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो आणि माणूस चांगली गाडी बिघडवून बसतो.

सुरुवात कुठून करू? मला इंजिनमधलं फार कळत नाही.

पाना हातात घेण्याआधी स्वतःला तीन गोष्टी विचारा. प्रॉब्लेम थंड इंजिनला येतो का गरमला? अचानक सुरू झाला का हळूहळू वाढत गेला? आणि त्याच्या आधी गाडीवर शेवटचं काम काय केलं होतं? या तीन उत्तरांमध्ये निम्मं निदान झालेलं असतं. कार्ब्युरेटर काढून परत बसवल्यावर सुरू झाला असेल तर मॅनिफोल्डचं रबर (कार्ब्युरेटर आणि इंजिन जोडणारी नळी) नीट बसलंय का ते बघा, गाडी चार महिने उभी होती आणि मग सुरू झाला असेल तर स्लो जेट (कार्ब्युरेटरमधला आयडलचं पेट्रोल देणारा बारीक भोकाचा पार्ट), काहीच न करता महिन्या महिन्याने वाढत गेला असेल तर टॅपेट (वाल्व आणि त्याला दाबणाऱ्या पार्टमधला गॅप) किंवा एअर फिल्टर.

त्यानंतर स्वस्त आणि सोप्या गोष्टी आधी. पेट्रोल ताजं आहे का, एअर फिल्टर, प्लग, प्लगची टोपी घट्ट आहे का, एक्सलेटरच्या केबलला थोडा ढिलेपणा आहे का, चोक पूर्ण बंद होतोय का, बॅटरी. हे सगळं बघायला अर्धा तास लागतो. आणि गाडी बंद खोलीत चालू ठेवून तपासू नका, एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळायच्या आत माणूस बेशुद्ध पडतो.

चोक ओढून गाडी मस्त चालते, चोक बंद केला की लगेच बंद पडते. असं का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि दहापैकी बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, स्लो जेट तुंबलाय. आयडलला थ्रॉटल (एक्सलेटरने उघडणारी हवेची झडप) जवळपास बंद असतो, मेन जेटमधून काही येत नाही, इंजिन जगतं ते फक्त स्लो जेटमधून म्हणजे ज्याला पायलट जेट पण म्हणतात त्यातून येणाऱ्या पेट्रोलवर. त्याचं भोक साधारण ०.३५ ते ०.४५ मिलिमीटर असतं. पेट्रोल उडून गेल्यावर मागे जो पिवळा चिकट थर राहतो तो एवढ्याशा भोकाला बुजवायला पुरतो. चोक ओढला की जास्तीचं पेट्रोल दुसऱ्या वाटेने येतं (जुन्या फ्लॅपवाल्या चोकमध्ये हवा कमी होते, परिणाम तोच) म्हणून गाडी चालते.

साफ करायचं म्हणजे नुसता स्प्रे मारून नाही. पेट्रोलचा कॉक बंद करा, फ्लोट चेंबरचं (कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीतलं) पेट्रोल ड्रेन करा, कार्ब्युरेटर उतरवा, वाटी खोला, आणि स्लो जेट बरोबर मापाच्या स्क्रू ड्रायव्हरनेच काढा, कारण पितळ मऊ असतं आणि खाच एकदा गोल झाली की ते बाहेर काढणं म्हणजे दिवसाचं काम. मग जेट डोळ्यासमोर धरून उजेडाकडे बघा.

हे बघणं मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून जरा सविस्तर सांगतो. एक डर्ट बाईक होती, कार्ब्युरेटर साफ करून आलेली, तरी चोकशिवाय चालत नव्हती. जेट काढून खिडकीकडे धरला तर उजेड दिसत होता, म्हणजे वरवर बघता भोक उघडं होतं. पण नीट बघितलं तर गोल ठिपका नव्हता, चंद्रकोर होती. भोकाच्या एका बाजूला हिरवट थर धरून बसला होता. जेट रात्रभर कार्ब क्लीनरमध्ये बुडवून ठेवला, सकाळी मल्टिस्ट्रँड वायरमधली तांब्याची एकच बारीक तार हलक्या हाताने फिरवली, कॉम्प्रेसरची हवा मारली, परत बघितलं तेव्हा स्वच्छ गोल ठिपका. गाडी पहिल्या किकमध्ये आयडलला उभी राहिली. तेव्हापासून उजेड दिसला म्हणजे साफ असं मी मानत नाही, ठिपका गोल दिसला पाहिजे.

स्टीलची तार, ड्रिलचं बारीक बिट, टाचणी असलं काही घालू नका. भोक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने जरी मोठं झालं तरी मिक्स्चर (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण) बदलतं आणि मग नवीन जेटशिवाय इलाज नाही. जेटच्या अंगावर आडवी छोटी भोकं असतात ती पण उघडी करा. आणि कार्ब्युरेटरच्या बॉडीतली वाट विसरू नका, थ्रॉटलच्या खाली इंजिनच्या बाजूला जी एक ते तीन बारीक भोकं दिसतात तिथून स्प्रे बाहेर आला पाहिजे. डोळ्याला चष्मा लावा, तो स्प्रे कुठल्या भोकातून उलटा येईल सांगता येत नाही आणि डोळ्यात गेला तर भयंकर झोंबतो.

एअर स्क्रू आणि फ्युएल स्क्रू एकच का? कुठला कुठल्या बाजूला फिरवायचा?

एकच नाही, आणि इथेच सगळा गोंधळ होतो. जागेवरून ओळखा. स्क्रू थ्रॉटलच्या आणि एअर फिल्टरच्या मध्ये असेल तर तो एअर स्क्रू, बाहेर काढला की हवा वाढते म्हणजे मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी). हा टू-स्ट्रोकवर जास्त दिसतो. स्क्रू थ्रॉटलच्या पुढे इंजिनच्या बाजूला असेल तर तो फ्युएल स्क्रू, बाहेर काढला की मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त) होतं. बऱ्याच फोर-स्ट्रोकवर हाच असतो, कधीकधी खालच्या बाजूला खोल भोकात, वरून पितळेचं झाकण ठोकलेलं.

काढण्याआधी एक गोष्ट करा. हलक्या हाताने पूर्ण आत फिरवून किती फेरे झाले ते मोजा आणि लिहून ठेवा, मगच बाहेर काढा. आत टेकल्यावर जोर लावू नका, टोक सुईसारखं असतं, वाकतं नाहीतर बॉडीतलं सीट खराब करतं. फ्युएल स्क्रूच्या मागे स्प्रिंग, मग बारीक वॉशर, मग मोहरीएवढी ओ-रिंग असते, याच क्रमाने. ओ-रिंग आतच चिकटून राहते आणि तिच्यावर क्लीनर मारला की फुगते, म्हणून आधी ती काढून घ्या. ती हरवली किंवा फाटली तर तिथून हवा ओढली जाते आणि आयडल कितीही सेट केलं तरी टिकत नाही.

मग सेटिंग करायचं कसं?

इंजिन पूर्ण गरम करा, दहा मिनिटं चालवून आणा, उभ्या उभ्या गरम केलेलं तेवढं खरं नसतं. आयडल स्क्रूने रेस जरा वर ठेवा. मिक्स्चर स्क्रू दीड ते दोन फेरे बाहेर ठेवून सुरुवात करा, मग पाव पाव फेरा फिरवत जा आणि प्रत्येक वेळी काही सेकंद थांबा कारण इंजिनला फरक दाखवायला वेळ लागतो. जिथे आरपीएम सगळ्यात जास्त आणि आवाज सगळ्यात सलग, ती जागा. आता आयडल स्क्रूने रेस मॅन्युअलच्या आकड्यावर आणा आणि एकदा परत मिक्स्चर बघा. शेवटी एक्सलेटर झटकन पिळून सोडा, इंजिन अडखळत उठत असेल तर लीन, रेस आकड्याच्याही खाली जाऊन मग सावरत असेल तर रिच.

स्क्रू तुम्हाला जेटबद्दल पण सांगतो. फ्युएल स्क्रू तीन फेऱ्यांच्या पुढे काढला तरच गाडी बरी चालत असेल तर स्लो जेट लहान पडतोय किंवा अजून अर्धवट तुंबलेला आहे, आणि एका फेऱ्याच्या आतच चांगली चालत असेल तर जेट मोठा आहे. एअर स्क्रूला हेच उलटं धरा.

स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिनवर काहीच फरक पडत नसेल तर थांबा. एकतर स्लो सर्किट बंद आहे, किंवा आयडल स्क्रूने थ्रॉटल इतका उघडून ठेवलाय की इंजिन पुढच्या सर्किटवर चाललंय. कोणीतरी आधी लक्षण दाबून ठेवलेल्या गाडीत हे हमखास सापडतं.

एक्सलेटर सोडला तरी रेस वरच लटकते, मग हळूहळू खाली येते. केबल बदलली तरी तेच.

केबल मोकळी असेल तर हवा ओढतेय. कार्ब्युरेटर आणि इंजिनच्या मधून कुठूनतरी जास्तीची हवा आत जातेय, मिक्स्चर लीन होतंय, आणि लीन इंजिन रेस लवकर सोडत नाही. मॅनिफोल्डच्या रबराला तडे, ढिला क्लॅम्प, फ्लँजमधली ओ-रिंग चपटी झालेली, व्हॅक्यूमच्या नळीची टोपी निघून गेलेली, यापैकी काहीतरी.

एक क्वाड आठवतेय. तिचा कार्ब्युरेटर तीन वेळा साफ झाला होता, जेट बदलला होता, शेवटी कार्ब्युरेटरच नवीन घातला होता आणि रेस लटकायचं थांबलं नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मॅनिफोल्डचे दोन बोल्ट काढून फ्लँज उलटा केला तर ओ-रिंग खाचेच्या बरोबरीने चपटी झाली होती, नखाने उचलली तर प्लास्टिकसारखी कडक, आणि एका ठिकाणी केसाएवढी चीर. बोटाच्या टोकावर मावेल एवढा तो पार्ट, आणि त्याच्यापायी अख्खा कार्ब्युरेटर बदलून झाला होता. मला हे बघून खरंच वाईट वाटतं, कारण तो पैसा आणि तो वेळ कोणाचातरी असतो.

लीक शोधायला बरेच जण कार्ब क्लीनर मारतात, त्याने कळतं पण गरम एक्झॉस्ट आणि स्पार्कच्या शेजारी ते पेट घेऊ शकतं. मी साध्या पाण्याची स्प्रे बाटली वापरतो. गाडी आयडलला ठेवून मॅनिफोल्डच्या जोडावर बारीक फवारा मारा, ज्या जागी इंजिनचा आवाज एकदम बदलेल तिथे लीक. तापलेल्या सायलेन्सरवर आणि प्लगच्या टोपीवर पाणी मारू नका. रबर हाताने वाकवून पण बघा, बऱ्याच चिरा सरळ असताना मिटलेल्या असतात आणि वाकवल्यावरच तोंड उघडतात.

टू-स्ट्रोक आहे, मॅनिफोल्ड नवीन घातलं तरी रेस आपोआप वाढते.

गाडी चालवणं थांबवा. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस स्वतःच पंपाचं काम करतं, त्यामुळे क्रँकचं ऑइल सील गेलं की तिथून पण हवा आत येते. मॅग्नेटच्या (फ्लायव्हीलच्या) बाजूचं सील गेलं तर लीन होऊन रेस वाढते, क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअर ऑइल आत ओढलं जातं, पांढरा धूर आणि प्लग ओला, आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी होत जातं. लीन टू-स्ट्रोक जोरात पळवली तर पिस्टन सीझ होतो (सिलिंडरमध्ये अडकून बसतो), कारण पेट्रोल कमी म्हणजे त्याच्यातून येणारं ऑइल पण कमी आणि वर उष्णता जास्त.

याची टेस्ट म्हणजे इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून इंजिनमध्ये सहा पीएसआय (प्रेशरचं माप) हवा भरायची आणि सहा मिनिटं धरते का बघायचं. खाली येत असेल तर सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे कुठे येतात तिथे लीक. जास्त प्रेशर भरू नका, चांगलं सीलच जागचं हलेल.

थंड असताना एकदम छान, गरम झाली की आयडलला बंद पडते आणि परत लवकर स्टार्ट होत नाही.

फोर-स्ट्रोक असेल तर पहिलं टॅपेट बघा. लोकांची समजूत असते की टॅपेट वाजत नाही म्हणजे सगळं ठीक. उलट आहे. वाल्व सीटमध्ये झिजत जातो तसा गॅप कमी होत जातो, इंजिन जास्तच शांत वाटायला लागतं, आणि गरम झाल्यावर वाल्वची लांबी वाढली की तो गॅप संपतो, वाल्व पूर्ण बसतच नाही. कॉम्प्रेशन गळतं, आयडल डगमगतं, आणि असंच चालवत राहिलं तर एक्झॉस्ट वाल्व जळतो. वाजणारा टॅपेट निदान सांगून त्रास देतो, टाइट टॅपेट गुपचूप इंजिन खातो.

गॅप थंड इंजिनलाच मोजायचा, रात्रभर उभ्या गाडीला. फ्लायव्हीलवरची टी खूण केसिंगच्या खुणेसमोर आणा आणि दोन्ही रॉकर (वाल्व दाबणारे हात) मोकळे हलतात का बघा. हलत नसतील तर तुम्ही चुकीच्या स्ट्रोकवर आहात, एक पूर्ण फेरा अजून फिरवा. छोट्या इंजिनात गॅप साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटर असतो, एक्झॉस्टचा बऱ्याचदा इनटेकपेक्षा जास्त, नेमका आकडा मॅन्युअलचा. फीलर गेज सरकताना हलकं घासलं पाहिजे, अडकलं नाही पाहिजे. लॉक नट आवळताना गॅप बदलतो म्हणून आवळल्यावर परत मोजा, हे विसरू नका.

टॅपेट बरोबर निघाले तर गाडी बंद पडल्या पडल्या दोन गोष्टी करा, थंड व्हायची वाट न बघता. टाकीचं झाकण उघडा, आत हवा ओढल्याचा फुस्स आवाज आला आणि गाडी थोड्या वेळात चालू झाली तर झाकणाची हवेची वाट बंद आहे, टाकीत व्हॅक्यूम होऊन पेट्रोल खाली येत नाहीये. नाहीतर प्लग काढून स्पार्क बघा, मात्र प्लगच्या भोकापासून लांब धरून, कारण तिथून पेट्रोलची वाफ येते. गरम असताना स्पार्क नाही आणि थंड झाल्यावर आहे, तर इग्निशन कॉइल किंवा पिकअप कॉइल गरम होऊन काम सोडतेय.

माझ्या स्कूटरला किंवा एटीव्हीला चोकचा खटकाच नाही. गरम झाली की काळा धूर आणि आयडल भुकभुक.

ऑटो चोक अडकलाय. कार्ब्युरेटरला दोन वायरी असलेला जो काळा उभा पार्ट असतो तो. आत मेण असतं, करंटने गरम होऊन ते फुगतं आणि सुईला ढकलून जास्तीच्या पेट्रोलची वाट बंद करतं. तो खराब झाला किंवा त्याला करंटच मिळाला नाही तर चोक कायम उघडा राहतो. काढून बाहेर बारा व्होल्ट बॅटरीला जोडा, सुईची लांबी मोजून ठेवा, पाच मिनिटांनी परत मोजा. गरम पण झाला नाही आणि सुई पण हलली नाही तर बदला. सुई हलली तर वायरिंग तपासा.

एफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीला पण आयडलचा त्रास होतो का? तिला तर जेटच नाही.

होतो. हवा ओढणं, टॅपेट, प्लग, एअर फिल्टर हे सगळं तिला पण तसंच लागू आहे. फरक इतकाच की तिथे आयडलची हवा एक छोटा वाल्व सांभाळतो आणि थ्रॉटल बॉडीत बटरफ्लायच्या (हवेच्या फिरत्या झडपेच्या) कडेला काळा थर साठला की त्या वाल्वची धाव पुरत नाही. इग्निशन बंद करून, कपड्यावर क्लीनर घेऊन, कडा पुसा. सरळ भरमसाठ स्प्रे मारू नका, काही थ्रॉटल बॉडीला आतून कोटिंग असतं आणि सेन्सरमध्ये क्लीनर शिरतो. थ्रॉटल केबलऐवजी इलेक्ट्रिक मोटरने चालणारा (राइड-बाय-वायर) असेल तर बटरफ्लाय बोटाने जोर लावून उघडू नका. थ्रॉटल बॉडीवरच्या ज्या स्क्रूवर रंगाचा ठिपका आहे त्याला तर हातच लावू नका, तो फॅक्टरीत सेट केलेला असतो आणि हलला की थ्रॉटल सेन्सरचा झीरो बदलतो.

इंजिन लाइट लुकलुकत असेल तर किती वेळा लांब आणि किती वेळा थोडी लुकलुकते ते मोजा, बऱ्याच गाड्यांत तोच फॉल्ट कोड असतो. टेम्परेचर सेन्सर खराब झाला तर इसीयूला (इंजेक्शन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिन अजून थंडच आहे आणि तो पेट्रोल ओततच राहतो. आणि बॅटरी तपासा, खरंच तपासा, नीट चार्ज झालेली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. बॅटरी कमजोर असेल तर पंप, इंजेक्टर, सेन्सर सगळ्यांचाच हिशोब चुकतो. बॅटरी काढून लावल्यावर आयडल थोडं वेगळं वाटलं तर घाबरू नका, काही इसीयूंना परत शिकायला वेळ लागतो, काहींना मॅन्युअलमधली रीसेटची पद्धत करावी लागते.

न्यूट्रलला आयडल ठीक, गिअर टाकला की बंद.

साइड स्टँड वर आहे का? हसू नका, स्टँडचा स्विच चिखलाने अडकला की स्टँड वर असूनही इंजिन कापलं जातं (बंद केलं जातं), डर्टमध्ये चालणाऱ्या गाड्यांना हे खूप होतं. ते ठीक असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळी हालचाल असते, त्यापेक्षा फार जास्त असेल तर केबल आवळा.

एटीव्ही आयडलला जागेवरून पुढे सरकते. चालेल का?

नाही चालणार. ऑटोमॅटिक एटीव्हीचा क्लच आरपीएमवर धरतो, आयडल जास्त असलं की तो अर्धवट धरून राहतो, बेल्ट आणि क्लच शू झिजतात आणि त्याहून वाईट म्हणजे उतरून गेट उघडायला गेलेल्या माणसावर गाडी येऊ शकते. लहान मुलं चालवत असतील तर हे आजच दुरुस्त करा. आयडल बरोबर असूनही सरकत असेल तर क्लचच्या स्प्रिंग तुटल्यात किंवा शू अडकलेत.

हँडल एका बाजूला वळवलं की रेस वाढते.

केबल. कुठेतरी चुकीच्या वाटेने गेलीये किंवा ताणली जातेय. बाईकच्या ग्रिपला साधारण २ ते ६ मिलिमीटर मोकळा खेळ ठेवा, आणि गाडी आयडलला ठेवून हँडल पूर्ण डावीकडे पूर्ण उजवीकडे फिरवून बघा, आरपीएम जराही हलता कामा नये. हे झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका, वळणावर आपोआप वाढलेली रेस फार धोक्याची असते.

काही एटीव्हीत केबल ढिली पडली की इंजिन कापणारा सेफ्टी स्विच थंब थ्रॉटलच्या डबीत असतो. तिथे केबल जास्त ढिली ठेवली तर गाडी उगाच मिसिंग मारते आणि माणूस कार्ब्युरेटर खोलत बसतो.

पाण्यातून, चिखलातून गेल्यापासून बिघडलंय.

आधी फ्लोट चेंबरचा ड्रेन स्क्रू उघडून काचेच्या बाटलीत पेट्रोल काढा, पाणी असेल तर खाली वेगळं बसलेलं स्वच्छ दिसेल. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी धरतं आणि पाणी जास्त झालं की तळाशी वेगळा थर सोडतं, म्हणजे टाकी पण रिकामी करायला लागू शकते. मग एअर बॉक्स उघडा. फोमचा फिल्टर धुऊन ऑइल लावलंत तर नीट पिळा, ऑइल गळेपर्यंत लावलेला फिल्टर हवा अडवतो आणि आयडल रिच होतं. प्लगच्या टोपीत पाणी, कार्ब्युरेटरच्या व्हेंट नळ्यांच्या तोंडाला वाळलेला चिखल, हे पण बघा. व्हेंट बंद झाली तर पेट्रोल जेटपर्यंत पोचतच नाही.

एकच कार्ब्युरेटर, ओव्हरफ्लो नळीतून पेट्रोल पण गळतंय आणि आयडल पण जड.

फ्लोटची सुई बसत नाहीये. तिच्या टोकाच्या रबराला गोल खाच पडलेली असते, नखाला लागते, नाहीतर कचरा अडकलेला असतो. फ्लोट हलवून बघा, आतून पेट्रोलचा आवाज आला तर तो फुटलाय. व्हॅक्यूमवर चालणारा पेट्रोल कॉक असेल तर त्याची व्हॅक्यूम नळी काढून बघा, नळीत पेट्रोल ओलं दिसलं तर आतला डायफ्राम फाटलाय आणि इंजिन तिथून सरळ पेट्रोल पितंय. अशा गाडीचं इंजिन ऑइल पण हुंगून बघा, पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय चालवू नका.

उंच डोंगरावर गेलो की आयडल बिघडतं, खाली आलो की ठीक.

कार्ब्युरेटरला उंची कळत नाही. ३००० मीटरला हवेची घनता समुद्रसपाटीच्या मानाने जवळपास पाव भागाने कमी असते, पेट्रोल मात्र त्या हिशोबाने कमी होत नाही म्हणून गाडी रिच होते. एक-दोन दिवसांसाठी मिक्स्चर स्क्रू थोडा लीनकडे फिरवा आणि किती फिरवला ते लिहून ठेवा, कारण खाली उतरताना परत जागेवर आणला नाही तर गाडी लीन चालेल. तिथेच राहणार असाल तर जेट बदला.

एक्सलेटर सोडल्यावर सायलेन्सरमधून फटाके. आयडलशी संबंध आहे का?

बऱ्याचदा आहे, स्लो सर्किट लीन असतं. पण आधी सिलिंडरला सायलेन्सर जोडतो तिथलं गॅस्केट बघा, तिथून बाहेरची हवा आत जात असेल तरी असाच आवाज येतो. काळा डाग दिसतो तिथे.

दोन किंवा चार कार्ब्युरेटर असतील तर?

आधी प्रत्येक वेगळा साफ, मग टॅपेट, मग व्हॅक्यूम गेज लावून सिंक (सगळे सारखे ओढतील असं जुळवणं). हा क्रम उलटा केला तर सिंक टिकत नाही.

गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर काय करू?

पेट्रोलचा कॉक बंद करा आणि फ्लोट चेंबर ड्रेन करा. दोन मिनिटांचं काम आहे आणि वर जे स्लो जेटचं रामायण सांगितलं ते त्याने बहुतेक टळतं. व्हॅक्यूम कॉक असेल तर इंजिन बंद केल्यावर ड्रेन केलं तरी चालतं. एफआय गाडीत टाकी भरून पेट्रोल स्टॅबिलायझर घाला आणि दहा मिनिटं चालवा म्हणजे ते इंजेक्टरपर्यंत पोचेल.

सगळं केलं. जेट, ओ-रिंग, टॅपेट, स्पार्क, सगळं. तरी आयडल धरत नाही.

मग कॉम्प्रेशन मोजा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. बऱ्याच फोर-स्ट्रोकमध्ये किक हलकी करायला डीकॉम्प्रेसर असतो त्यामुळे आकडा कमी दिसू शकतो, म्हणून अशा इंजिनला लीक-डाउन टेस्ट जास्त खरी. पिस्टन टीडीसीला (सगळ्यात वरच्या जागेला) ठेवून सिलिंडरमध्ये हवा सोडा आणि कान लावा, कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक वाल्व, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वाल्व, ऑइल भरायच्या भोकातून आली तर रिंग. थोडी रिंगमधून येतेच, बाकी दोन्हीकडून बिलकुल यायला नको. कॉम्प्रेशन पण चांगलं निघालं आणि गाडी किकला उलटा झटका देत असेल तर मॅग्नेट काढून क्रँकच्या शाफ्टवरची अर्धगोल की बघा. ती अर्धी कापली गेली की फ्लायव्हील काही अंश सरकतं, टायमिंग हलतं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मॅग्नेट पुलरनेच काढा, हातोडीने ठोकून नाही.